गोड न खाणाऱ्यांची शुगर

शुगर म्हणजे बसून खाणाऱ्यांचा आजार, असं कोणी म्हणालं की मला आता गप्प बसवत नाही. मी घरोघरी जाऊन रक्ताचे सॅम्पल घेते, लालबाग, काळाचौकी, शिवडी आणि तिकडून वडाळा, अँटॉप हिलपर्यंत, आणि ज्यांच्या दंडाला सकाळी सकाळी पट्टा बांधते त्यातले कितीतरी जण दिवसभर खुर्चीला टेकलेलेच नसतात. कोणी सोसायटीच्या गेटवर बारा तासांची ड्युटी करतो, कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी मॉलच्या काउंटरवर उभी असते आणि तिथे बसायला स्टूलसुद्धा नसतं. यांच्या उपाशीपोटीच्या शुगरचा आकडा १९०, २२०, कधी ३०० च्या वर. आणि घरातलं कोणीतरी मागून बोलतंच, "तोंडावर ताबा नाही ना, म्हणून."

मला या एका वाक्यावर लिहायचंय कारण ते खरं नाहीये आणि त्याने माणसं औषध सोडतात.

आधी आकडे सांगते. २०१७ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या मोठ्या सर्व्हेचा १५ राज्यांचा अहवाल आला होता. त्यात एक गोष्ट होती जिची खरं तर खूप चर्चा व्हायला हवी होती. चंदीगड, महाराष्ट्र, तमिळनाडू अशा पुढारलेल्या राज्यांच्या शहरी भागात डायबिटीस श्रीमंतांपेक्षा गरीब घरांमध्ये जास्त सापडला. यात आपला महाराष्ट्र आहे आणि शहरी भाग म्हटला की आपली मुंबई आलीच. मग २०२३ मध्ये त्याच सर्व्हेचा सगळ्या देशाचा अहवाल आला, डायबिटीस असलेले १०.१ कोटी आणि उंबरठ्यावर असलेले म्हणजे प्री-डायबिटीसवाले १३.६ कोटी. डायबिटीस शहरात खेड्यापेक्षा जास्त आहे पण प्री-डायबिटीस जवळपास दोन्हीकडे सारखाच, म्हणजे गावाकडचे पण त्याच रांगेत उभे आहेत, फक्त नंबर अजून आला नाही.

मुंबईचं वेगळं सांगायचं तर २०२१ मध्ये महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांचा सर्व्हे केला होता. शंभरातल्या ३४ जणांचं बीपी वाढलेलं आणि १८ जणांची उपाशीपोटी शुगर १२६ च्या वर, म्हणजे डायबिटीसच्या हद्दीत. मीठ दिवसाला साधारण साडेआठ ग्रॅम, जे ५ ग्रॅमच्या आत हवं. लोकलच्या एका डब्यात किती माणसं असतात ते आठवा आणि तुम्हीच हिशोब लावा.

आता ताब्याबद्दल. माझ्या एरियात एक काकू आहेत, चाळीतल्या, वजन पंचेचाळीसच्या आसपास, हाताची शीर चटकन सापडते इतक्या बारीक, आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी टेस्ट, दहाच्या पुढे. सगळी चाळ म्हणते हिला कशी काय शुगर, ही तर पेढासुद्धा अर्धाच घेते. खरंच आहे, त्या गोड खात नाहीत. त्या सकाळी चहा-पाव खातात, दुपारी भात आणि पातळ डाळ, म्हणजे डाळीचं पाणीच जवळजवळ, संध्याकाळी चहाबरोबर खारी, रात्री परत भात किंवा चपाती आणि बटाट्याची भाजी. यात साखर फक्त चहातली. पण पाव, भात, खारी, बटाटा हे सगळं रक्तात गेल्यावर साखरच होणार आहे ना, जिभेला गोड लागलं नाही एवढंच. उसळ आठवड्यातून एखाद वेळा, अंडं मुलांना, मासे रविवारी आणि तेही भाव बघून.

आणि बारीक माणसाला शुगर का होते याचं उत्तर आपल्याच राज्यातल्या डॉक्टरांनी दिलेलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकसारखा, २२.३, म्हणजे कागदावर दोघेही तब्येतीने फिट. पण चरबी मोजली तर युडकिनांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. दिसायला सडसडीत पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या लोकांची ठेवण आहे. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हायचं असतं, २५ ची वाट बघायची नसते, आणि कंबर बायकांची ८० सेंटीमीटर, पुरुषांची ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं सांगते.

पण ही ठेवण आली कुठून? याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला, तीच मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. त्या आया शेतात राबणाऱ्या, किरकोळ शरीराच्या, बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण-एक किलोने कमी. आणि तरी या हडकुळ्या बाळांच्या कातडीखाली चरबी मात्र तिकडच्या बाळांच्या मानाने फारशी कमी नव्हती, जे कमी होतं ते स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणजे पोटात असताना जेव्हा पोषण तुटपुंजं असतं तेव्हा शरीर आधी मेंदू सांभाळतं आणि बाकीच्या ठिकाणी काटकसर करतं, स्वादुपिंडातसुद्धा, आणि पुढच्या आयुष्यात असंच कमी मिळणार असं गृहीत धरून तयारी करतं. मग ते मूल मोठं होऊन मुंबईला येतं आणि इथे पोट भरायला सगळ्यात स्वस्त काय मिळतं तर मैदा, बटाटा, तेल, साखर. उपासाची तयारी करून आलेल्या शरीरावर हे सगळं ओतलं की ते कुठवर पेलणार.

दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये मोठी उपासमार झाली होती. तेव्हा जी मुलं आईच्या पोटात होती त्यांना पन्नाशीत तपासलं तर त्यांच्या शरीराला साखर नीट हाताळता येत नव्हती. चीनमध्ये १९५९ ते ६१ च्या दुष्काळातल्या मुलांचंही असंच दिसलं. हे वाचलं तेव्हा मला एकदम बाहत्तरचा दुष्काळ आठवला, म्हणजे मी पाहिलेला नाही, पण सातारा, सांगली, नगर, बीड, सोलापूरकडून आलेल्या प्रत्येक घरात तो अजून बोलला जातो. सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेली मिलो म्हणजे लाल ज्वारी खाल्ली, आया खडी फोडायला जात होत्या, त्यातल्या कितीतरी गरोदर होत्या. बाहत्तर-त्र्याहत्तरला जे पोटात होते ते आज पन्नाशी ओलांडून गेलेत. त्यातले पुष्कळ जण पुढे मुंबईत आले, गिरणीत बापाच्या जागी लागायचं वय झालं तोवर १९८२ चा संप होऊन गेला होता, मग कोणी वॉचमन झालं, कोणी हमाल, कोणी टॅक्सी धरली. माझ्या लिस्टमध्ये हे वय सगळ्यात जास्त असतं. मी कोणी संशोधक नाही, पण या माणसांच्या ताब्याबद्दल बोलायच्या आधी त्यांच्या आईच्या ताटात तेव्हा काय होतं हे विचारायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि ताटात आज काय येतं ते पण बघू. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात माणशी महिन्याला ५ किलो धान्य. कायद्यात तांदूळ, गहू आणि भरड धान्य तिन्ही लिहिलेत, पण पिशवीत येतं काय तर तांदूळ आणि गहू. २०२३ पासून ते फुकट आहे आणि त्याची किंमत मला कळते, त्या धान्यावर कितीतरी घरं उभी आहेत, लॉकडाऊनमध्ये तर त्यानेच जीव वाचवले. मी ते बंद करा म्हणत नाहीये, उलट त्यात डाळ टाका, ज्वारी-बाजरी नियमित द्या, शेंगदाणे द्या म्हणतेय. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयात आनंदाचा शिधा मिळाला होता, त्यात एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. सणाला गोड हवं हे मान्य, पण चारातल्या तीन वस्तू बघा, आणि ज्या घरात दोन शुगर पेशंट आहेत तिथे हीच पिशवी पोचली. ज्वारी एके काळी गरिबाची भाकरी होती, आता बाजारात गव्हापेक्षा महाग पडते आणि वर भाकरी थापायला वेळ कोणाला आहे.

वेळ हा तर वेगळाच विषय आहे. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली किंवा खोली विकली की माणूस नालासोपारा, बदलापूर, टिटवाळ्याला जातो आणि नोकरी इथेच राहते. सकाळी पावणेसहाची गाडी, रात्री घरी दहा, जेवण साडेदहा-अकरा, लगेच झोप. दुपारचा डबा बनवायला घरातली बाई चारला उठते, पाणी त्याच वेळेला येतं, तेव्हा दोन भाज्या आणि कोशिंबीर करायचा सल्ला देणाऱ्याने एकदा ते घड्याळ बघावं. मग स्टेशनबाहेर वडापाव, कारण तो पंधरा-वीस रुपयात गरम मिळतो, उभ्या उभ्या खाता येतो आणि संध्याकाळपर्यंत भूक मारतो. तेवढ्या पैशात दोन केळी येतात पण केळ्याने बारा तासाची ड्युटी निघत नाही असं मला एका दादांनी सांगितलं आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. आता मी त्यांना भाजलेले चणे-शेंगदाणे खिशात ठेवायला सांगते, ते पण त्याच भावात येतात, आणि ते ठेवतात, विचारलं की पुडी काढून दाखवतात.

आणि मुलांचं तर बघवत नाही. पाच-दहा रुपयांची वेफर्स, कुरकुरे, क्रीमची बिस्किटं, रंगीत ज्यूस, अगदी चिंचोळ्या गल्लीतल्या टपरीवरसुद्धा लटकलेली असतात, जिथे फळवाला मात्र फिरकत नाही. आईवडील दोघं कामावर, मूल शाळेतून आलं की दहाची नोट. पाकिटावर मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं, ते कोण वाचणार? चिली देशाने २०१६ पासून असल्या पाकिटांवर समोर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, साखर जास्त, मीठ जास्त, असे, जे शाळकरी मुलालाही कळतात. मेक्सिकोने २०१४ ला गोड सॉफ्ट ड्रिंकवर कर लावला आणि २०२० मध्ये तसेच शिक्के आणले. हे काही श्रीमंत युरोपातले देश नाहीत, तिथेही हाच प्रश्न आहे, भूक कमी झाली आणि तिच्या मागोमाग शुगर-बीपी आलं. आपल्याकडे २०२२ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पाकिटांवर स्टार देण्याचा मसुदा आणला. मला स्टार नको आहेत, स्टार बघून आई म्हणेल दोन स्टार आहेत म्हणजे बरं असेल. धोक्याचा शिक्का पाहिजे, मराठीत पाहिजे. आपण काही करू शकत नाही असं पण नाही, वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅट या घातक चरबीवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आलीच ना.

आता एक अशी गोष्ट जी मला सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटते कारण ती मुंबईतच घडलीय, इथल्या झोपडपट्ट्यांमध्ये, आणि मुंबईकरांनाच माहीत नाही. मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्ट म्हणून, त्याला प्रोजेक्ट सरस पण म्हणतात, डॉ. रमेश पोतदार आणि डॉ. कॅरोलिन फॉल यांनी तो चालवला. साडेसहा हजार लग्न झालेल्या बायका, अजून गरोदर नसलेल्या. अर्ध्या बायकांना रोज एक खायचा पदार्थ दिला, समोशासारखा वगैरे, ज्यात पालेभाजी, फळं आणि दूध होतं. बाकीच्यांनाही तसाच पदार्थ पण त्यात बटाटा, कांदा असल्या भाज्या. गोळी नाही, इंजेक्शन नाही, फक्त रोजचं खाणं, गरोदर राहायच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात विशेष फरक दिसला नाही, पण ज्यांनी दिवस राहायच्या निदान तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांची बाळं थोडी वजनदार झाली, ४८ ग्रॅमच्या आसपास. आणि मुख्य म्हणजे गरोदरपणातली शुगर. बटाटा-कांदावाल्या गटात ती १२.४ टक्के बायकांना झाली आणि पालेभाजी-फळं-दूधवाल्या गटात ७.३ टक्के. जवळजवळ निम्मी! परत वाचा, कारण मी पण दोनदा वाचलं होतं. ज्या बाईला गरोदरपणात शुगर होते तिला पुढे डायबिटीस व्हायची शक्यता खूप वाढते आणि तिच्या बाळालाही पुढे धोका जास्त. म्हणजे रोजच्या एका पदार्थाने दोन पिढ्यांचं काम होऊ शकतं आणि हे अमेरिकेत नाही, आपल्या गल्लीत दिसलंय.

पण आपली सरकारी व्यवस्था कधी सुरू होते? बाईला दिवस गेले, नाव नोंदवलं, मग अंगणवाडीचा आहार, मग लोहाच्या गोळ्या. त्याच्या आधी ती नवी सून असते, घरात सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलेली भाजी आणि भात, दूध सासऱ्यांच्या चहाला. एनएफएचएस-५ या सरकारी कुटुंब आरोग्य सर्व्हेमध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं, मला त्यासाठी सर्व्हे लागत नाही, डोळ्यांची खालची पापणी ओढली की दिसतं. एकाच घरात मी सासूची शुगर आणि सुनेचं हिमोग्लोबिन दोन्हीची सॅम्पल घेते, सासूला जास्त, सुनेला कमी, आणि दोघी एकाच पातेल्यातलं जेवतात. लोक म्हणतात कुपोषण वेगळं आणि डायबिटीस वेगळा. मला तरी एकाच आजाराच्या दोन बाजू दिसतात.

थोडं कामाचं पण सांगते, कारण हे रोज विचारलं जातं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून दोन दिवस भात बंद करू नका, एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिला दोन दिवसांनी फसवता येत नाही, आणि मला तुम्हाला पकडायचं नाहीये, डॉक्टरांना गोळी ठरवायची असते. फास्टिंगसाठी आठ ते दहा तास पुरे, आदल्या संध्याकाळी सातपासून उपाशी राहून चक्कर आणू नका. पीपी म्हणजे जेवणानंतरची शुगर द्यायची तर नेहमीचं खा आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजा. शुगर आहे त्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी करा, किडनी शेवटपर्यंत दुखत नाही म्हणून ती ठीक आहे असं समजू नका. पैशाची अडचण असेल तर महापालिकेचे आपला दवाखाना आहेत, २०२२ च्या शेवटी सुरू झाले, तिथे तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात, कामावरून आल्यावर पण जाता येतं. गोळी मात्र सोडू नका, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सोडणारे सगळ्यात जास्त भेटतात, तो नॉर्मल गोळीमुळेच आलेला असतो.

आणि ताटाचं म्हणाल तर भात सोडा असं मी कोणालाच सांगत नाही, भात सोडून मालवणी माणूस जगेल कसा. मी सांगते एक मूठ भात कमी आणि डाळ घट्ट. मटकी, मूग, चवळी भिजत घाला, त्याला गॅस पण कमी लागतो. पावाच्या बरोबर चहा नको, उसळ घ्या. जवळा, सुकट, बोंबील घेताय तर आधी धुऊन भिजवून त्यातलं मीठ काढा आणि वर पापड-लोणचं नको. मेथी, चवळई, माठ, संध्याकाळी उशिरा बाजारात जुडी स्वस्त होते तेव्हा घ्या. ज्या काकूंचं वर लिहिलं त्यांनी हे चार-पाच महिने केलं, गोळ्या वेळेवर घेतल्या, एचबीएवनसी साडेसातच्या खाली आली. वजन एक किलोने वाढलं आणि ते मला जास्त आवडलं, आता जिने चढताना पाय भरून येत नाहीत म्हणाल्या.

त्यांच्या सुनेचं लग्न गेल्या मे महिन्यात झालंय. मागच्या वेळेला गेले तेव्हा मी काकूंना स्पष्ट सांगितलं की पालेभाजी, फळ आणि पेलाभर दूध तिला आत्तापासून, दिवस राहायची वाट बघू नका, आणि ती तुमच्याबरोबर ताट घेऊन बसेल, नंतर नाही. सून दारातच उभी होती, तिने विचारलं, "ताई, दही चालेल का दुधाऐवजी? दुधाचा मला वास येतो." चालेल म्हटलं. पुढच्या वेळी काकूंच्या एचबीएवनसीबरोबर हिचं हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व्ह पण करायचं ठरलंय.